कोकणकिनारी लग्न: वेडिंग प्लॅनर निवडताना त्याला काय काय विचारायचं?

रातांबा (धागाकर्ता)

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची विचारपूस सुरू होते आणि अलिबागपासून शिरोड्यापर्यंत 'समुद्रकिनारी लग्न' करून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसू लागतात. बहुतेक घरं प्लॅनर ठरवतात ती फोटो पाहून. फोटोत मांडव दिसतो. त्या संध्याकाळी पाणी कुठवर चढलं, वीज गेली तेव्हा जनरेटर किती वेळात लागला, वऱ्हाडाची बस पाखाडीत (गावातल्या अरुंद वाटेत) अडकली का, हे फोटोत येत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं.

पहिल्या भेटीत प्लॅनर तुम्हाला काय विचारतो, तिकडे लक्ष ठेवा. किनाऱ्यावर काम केलेला माणूस रंगसंगतीच्या आधी तिथी विचारतो. मुहूर्त सकाळचा की गोरज? मुक्कामाला माणसं किती आणि नुसती जेवायला येणारी किती? वऱ्हाड रेल्वेने येणार की घाटाने? जागा रिसॉर्टच्या हद्दीत की पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर?

तिथी का, तर भरतीसाठी. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण बरोबर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. रत्नागिरी, मालवणकडे भरती थोडी आधी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि शेवटी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

आता एकादशीचा गोरज मुहूर्त घ्या. अकराला पाऊणने गुणलं की भरती सव्वाआठला, म्हणजे दुपारी दोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. त्या वेळी डेकोरेटर येतो, समोर कोरडी, रुंद पुळण दिसते, तो मांडव पुढे सरकवतो. सव्वासहाला अंतरपाट धरला जातो तेव्हा पाणी चढतंय, आणि आठला जेवणाची टेबलं मांडली जातात तेव्हा भरती भरत आलेली. चूक दुपारी दोनलाच झालेली असते.

पौर्णिमेपासून वद्य तृतीयेपर्यंत उलट. संध्याकाळी ओहोटी, पुळण मोकळी, फोटोही सुंदर. पण हे उधाणाचे दिवस. मध्यरात्रीची भरती महिन्यातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी असते. चांदण्यातलं जेवण साडेदहाला आटोपून अकरापर्यंत सामान उचललं नाही तर खालची वाळू ओली होते आणि सतरंज्या, वायरी, साऊंडच्या पेट्या पाण्यात जातात.

प्लॅनरला सरळ विचारा: "आमच्या तारखेला मुहूर्ताच्या वेळी आणि जेवणाच्या वेळी पाणी कुठे असेल?" ज्याला मोबाइल काढून कोष्टक बघावं लागतं तोही चालेल. ज्याला हा प्रश्नच नवा आहे, त्याच्याकडे समुद्रावरचं काम देऊ नका.

वाशिष्ठी

उत्तम सुरुवात. जागा बघायला प्लॅनरबरोबर जाल तेव्हा पुळणीवर वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची एक रेघ दिसते. ती अलीकडच्या मोठ्या भरतीची रेघ. मांडवाचा पुढचा खांब तिच्या जमिनीकडच्या बाजूला हवा, आणि रेघेपासून निदान आठ-दहा मीटर आत.

मांडव वाळूत उभा राहतो तो वजनावर. मातीत ठोकतात तशा दीड-दोन फुटी लोखंडी मेखा कोरड्या वाळूत काहीही धरत नाहीत. दुपारनंतर पश्चिमेचा खारा वारा सुटतो, तीन ते सहा या वेळात तो सर्वांत जोरात असतो, आणि पडदे लावलेला मांडव शिडासारखा फुगतो. खांबाच्या पायाशी वाळूने भरलेली पोती किंवा पाण्याची पिंपं बांधावी लागतात, किंवा तीन फूट खोल खड्ड्यात आडवी फळी पुरून तिला दोर बांधावा लागतो. डेकोरेटरला विचारा, प्रत्येक खांबाला किती वजन? "आम्ही नेहमी करतो" हे उत्तर नव्हे.

मागचा पडदा सलग कापडाचा नको. जाळी किंवा झावळ्यांचे विणलेले झाप लावले तर वारा आरपार जातो.

माडाखाली पंगत किंवा खुर्च्या असतील तर आदल्या दिवशी माणूस चढवून तयार नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्यायच्या. हे काम प्लॅनरच्या यादीत लिहिलेलं आहे का ते बघा. मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांत ते नसतं. आणि हे काम सगळ्यात आधीचं आहे, नारळ माणसाच्या डोक्यात पडतो.

बकुळ

१२०-१३० माणसांचं साधं लग्न असेल, दापोली-मुरूडकडे, तर प्लॅनर हवाच का? गावात मंडपवाला आहे, आचारी आहे, गुरुजी आहेत.

गडनदी

@बकुळ, दोन्ही घरं त्याच तालुक्यातली असतील, मुक्कामाला तीस-चाळीसच माणसं असतील आणि घरातला एक खमक्या माणूस आठ दिवस दुसरं काही करणार नसेल, तर नको. मंडपवाला, आचारी आणि गाड्या ठरवणारा, एवढ्यांवर कार्य नीट होतं. कोकणात पिढ्यान् पिढ्या तसंच झालंय.

मुलीचं घर पुण्याचं, मुलाचं मुंबईचं, आणि लग्न कर्दे किंवा गुहागरला असेल, तर १२० माणसांनाही कुणीतरी जबाबदार हवा. पण त्यासाठी पूर्ण प्लॅनर नको. नुसतं समन्वयाचं काम करणारे असतात: माणसं तुम्ही ठरवायची, शेवटचे दोन-तीन दिवस सगळ्यांना वेळेवर उभं करण्याचं काम त्यांचं. त्याची फी ठरावीक असते आणि त्यात लपवण्यासारखं फारसं नसतं.

आता मुख्य विषय, पैसे. प्लॅनर तीन तऱ्हेने पैसे घेतात. ठरावीक फी, एकूण खर्चाच्या टक्केवारीत फी, किंवा 'पॅकेज', ज्यात फी वेगळी दाखवतच नाहीत. टक्केवारीत अडचण ही की खर्च वाढला की त्याची फी वाढते. पॅकेजमध्ये अडचण ही की डेकोरेटरकडून, केटररकडून त्याला मिळणारं कमिशन तुमच्याच बिलात मिसळलेलं असतं. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण ते लपलेलं असलं की तो तुमच्यासाठी केटररशी भांडणार नाही. लग्नाच्या दिवशी आमटी आंबली तर भांडणारा माणूसच तर आपण पैसे देऊन ठेवलेला असतो.

म्हणून माझं मत ठरावीक फीच्या बाजूने. प्रत्येक कामाचं कोटेशन त्या-त्या माणसाच्या नावावर, बिल थेट तुमच्या नावावर, पैसेही थेट त्याला. जो प्लॅनर याला तयार होतो त्याच्याशी पुढचं बोला.

कोटेशनमध्ये 'सजावट: एकूण' अशी एक ओळ असेल तर परत पाठवा. मांडव किती बाय किती फूट, खुर्च्या किती, त्यांना कव्हर की नाही, फुलं कोणती आणि किती किलो, दिवे किती, मजूर किती आणि सामान उतरवण्याची हमाली कुणाची, इतकं सुटं हवं. जीएसटी धरून की वगळून तेही लिहा. प्लॅनिंगच्या सेवेवर १८ टक्के लागतो आणि तो शेवटी पुढे आला की हिशेब कोलमडतो. जीएसटी लावणार असेल तर त्याचा पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. नाव जुळायला हवं.

रातांबा

>> जो प्लॅनर याला तयार होतो त्याच्याशी पुढचं बोला.

पूर्ण सहमत. थेट पैसे देताना एक काळजी मात्र घ्या: पैसे कधी सोडायचे ते प्लॅनरच्या सहीने ठरू द्या. नाहीतर डेकोरेटर म्हणतो "साहेबांनी पूर्ण पैसे दिलेत" आणि प्लॅनरचा त्याच्यावर काहीच धाक उरत नाही.

सुरंगी

जेवणाबद्दल लिहिते, कारण इथे शहरी प्लॅनर हमखास चुकतात.

कोकणातलं जेवण ऋतूवर आहे. ओल्या काजूंची उसळ हवी तर लग्न फेब्रुवारी ते एप्रिल. आमरस एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद, त्या काळात 'ताजी सुरमई' असं कुणी लिहून देत असेल तर ती बर्फातली असणार. बंदी नसतानाही समुद्र खवळला की लिलावाला मासळी येत नाही. म्हणून करारात एका माशाचं नाव नको. 'सुरमई; न मिळाल्यास मोरी किंवा हलवा; तेही न मिळाल्यास कोंबडी, आणि दर असा' असं क्रमाने लिहून घ्या. हे लिहिलं नाही तर त्या सकाळी केटरर जे मिळेल ते कितीही दराने उचलतो.

शंभर पानांचा अंदाज: साधा भात आणि मसालेभात मिळून तांदूळ ९ ते १० किलो. आमटीला तूरडाळ ३ किलो. वडे-सागोती असेल तर मटण १६ ते १८ किलो आणि वड्याचं पीठ ८ किलो, माणशी चार वडे धरून. तळलेल्या सुरमईचा एक तुकडा माणशी, तर अख्खी मासळी १५-१६ किलो, कारण डोकं-शेपटी-पोटाची घट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाते. सोलकढी माणशी दीडशे मिली, म्हणजे १५ लिटर, तिला १८ ते २० नारळ. केटररने सांगितलेले आकडे याच्या फार वर गेले तर का ते विचारा, फार खाली गेले तर जास्त विचारा.

सोलकढी एकदम काढायची नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात नारळाचं दूध तीन-चार तासांत वास धरतं. पहिल्या पंगतीआधी अर्धी, उरलेली नंतर. हे आचाऱ्याला माहीत असतं. पण प्लॅनरच्या वेळापत्रकात 'सर्व पेये सकाळी १० वाजता तयार' असं लिहिलेलं असेल तर आचारी बिचारा तसंच करतो.

पंगत की बुफे? पंगत शंभराची धरली तर उठून, जागा पुसून, पुढची पानं मांडेपर्यंत चाळीस मिनिटं जातात. तीनशे माणसं म्हणजे तीन पंगती, दोन तास. पंगतीला वीस माणसांमागे एक वाढपी, बुफेला तीस-पस्तिसांमागे एक. कोटेशनात वाढप्यांचा आकडा नसला तर तो कमीच असणार.

आणि केटररचा अन्न परवाना मागा. १४ आकडी क्रमांक असतो, तो ऑनलाइन तपासता येतो.

मुचकुंदी

सुरंगीताई, पाण्याचं राहिलं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ, म्हणजे खारट होतात. मचूळ पाण्यात तूरडाळ नीट शिजत नाही, आचारी सोडा घालतो आणि आमटीची चव जाते. स्वयंपाकाला गोड्या पाण्याचा वेगळा टँकर हवा.

हिशेब सोपा आहे. मुक्कामाचा माणूस रोज १३५ लिटर, नुसता जेवायला येणारा वीसेक लिटर, भांडी-हातपाय धरून. शंभर माणसं दोन दिवस मुक्कामाला म्हणजे २७,००० लिटर, तीनशे जेवणारी म्हणजे आणखी ६,०००. दहा हजारांचे साडेतीन टँकर. रिसॉर्टची टाकी किती लिटरची, हा प्रश्न खोल्यांच्या दराआधी विचारा. आणि टँकर टाकीपर्यंत पोचतो का? किनाऱ्यावरच्या वाड्यांच्या वाटा अरुंद असतात, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं). पाइप किती फुटांचा लागेल ते आधी मोजून ठेवावं लागतं.

विजेचंही तसंच. दिव्यांना १५ किलोवॅट, साऊंडला १०, पंखे-कूलर ८, नवरा-नवरीच्या खोल्यांतले चार एसी ७, स्वयंपाकघरातले फ्रीझर-मिक्सर ५, बेरीज ४५. सहसा ६२.५ केव्हीएचा जनरेटर माथी मारतात. तो प्रत्यक्षात ५० किलोवॅट देतो, म्हणजे कागदावर पुरतो. पण एसी आणि फ्रीझर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतात, जनरेटर ट्रिप होतो, आणि तो मंगलाष्टकांच्या मधोमधच होतो असं नाही, पण होतो. भार क्षमतेच्या ७०-७५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. इथे ८२.५ केव्हीए लागेल. ताशी १२ ते १५ लिटर डिझेल धरा आणि रात्रभराचं डिझेल आधी भरून ठेवायला सांगा, किनाऱ्याजवळ पंप क्वचित असतो.

वाळू ओली, हवा खारट, माणसं अनवाणी. प्रत्येक फेजला गळतीवर तुटणारा ३० मिलिअँपचा ब्रेकर आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय वाळूवरून वायर नेऊ देऊ नका. यात तडजोड नाही.

खाडीपलीकडे

वऱ्हाडाची ने-आण.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. कोकण रेल्वेच्या गाड्या मोसमात उघडल्याबरोबर भरतात. त्यामुळे प्लॅनरने पाहुण्यांची पक्की यादी ७०व्या दिवशी हातात घेतली पाहिजे. पत्रिका एक महिना आधी वाटायची आणि मग तिकिटं बघायची, हे आता जमत नाही.

मार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे, गाडीला उशीर होतो. ज्या दिवशी लग्न त्याच सकाळी पोचणाऱ्या गाडीवर वऱ्हाड ठेवू नका. लहान स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. साठ माणसं, पेट्या, आहेराचं सामान. दोन डब्यांत मिळून बसतील अशी तिकिटं आणि फलाटावर चार हमाल-स्वयंसेवक हे प्लॅनरचं काम.

स्थानकापासून पुढे पन्नास आसनी बस ठरवणारा प्लॅनर त्या गावात गेलेला नाही एवढं नक्की. सतरा-वीस आसनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, फेऱ्या जास्त होतील पण अडकणार नाहीत. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ या फेरीबोटींनी वळसा खूप वाचतो. पण लग्नानंतर परतणाऱ्या गाड्यांसाठी शेवटची फेरी किती वाजता हे जेटीवर विचारून वेळापत्रकात लिहायचं. भाऊचा धक्का-मांडवा रो-रो अलिबागच्या लग्नांना सोयीची, गाडीसकट जाता येतं. विमानाने येणाऱ्यांना सिंधुदुर्गात चिपी आहेच, पण तिथली उड्डाणं नियमित सुरू आहेत का ते तारीख ठरवतानाच बघा. गोव्यातलं मोपा जास्त भरवशाचं.

मुक्कामाचं एक. कोकणातली बरीच रिसॉर्टं पंधरा ते तीस खोल्यांची. तीनशे माणसं म्हणजे आठ-दहा घरगुती निवासांत वाटणी. आजी-आजोबा, मधुमेही, लहान मुलांच्या आया मांडवाच्या चालत्या अंतरावर. तरुण मंडळी लांब. ही वाटणी प्लॅनर करतो की 'खोल्या दिल्या, तुम्ही बघा' म्हणतो?

बकुळ

खूप माहिती मिळाली. रात्री गाणी, नाच आणि परवानग्या यांचं काय? रिसॉर्टवाले सांगतात "बीच आपलाच आहे."

गडनदी

बीच कुणाचा नसतो. पुळण सरकारी जमीन आहे आणि तिथे लोकांना वावरायचा हक्क आहे. रिसॉर्ट आपल्या कुंपणापर्यंतची जागा देऊ शकतं. पुळणीवर काही उभारायचं तर ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, तहसील आणि सागरी मंडळाचं बंदर कार्यालय, यांपैकी जिथे जी लागेल ती लेखी परवानगी. प्लॅनरने "काढून देतो" म्हटलं तर अर्जाची पोचपावती किती दिवस आधी दाखवणार ते करारात लिहा.

स्पीकरला पोलीस परवानगी. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. "आमचं सेटिंग आहे" म्हणणारा प्लॅनर त्या रात्री फोन उचलत नाही आणि ठाण्यात जातो मुलीचा बाप.

गाण्यांच्या परवान्याचे पैसे मागतात तेव्हा: लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए)ची सूट आहे, आणि केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने जुलै २०२३ मध्ये तसं जाहीरपणे सांगितलंय. कोटेशनात 'म्युझिक लायसन्स' अशी ओळ असेल तर कशासाठी ते विचारा.

दारू ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे "गोव्यातून स्वस्तात आणतो" असं सांगणारे भेटतात. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, गाडीही जप्त होते.

सुरंगी

दिव्यांबद्दल एक कळकळीची विनंती. वेळास, आंजर्ले, गुहागर, दिवेआगर, वायंगणी या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबरपासून, आणि पिल्लं मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर पडतात. पिल्लू उजेडाकडे चालतं. रात्री समुद्राचा क्षितिजाकडचा उजेड त्याला वाट दाखवतो. मांडवाचे झोत मागे असले तर ते जमिनीकडे वळतं आणि मरतं. कासवांच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड केलेले दिवे, लेझर, फटाके, आकाशकंदील नकोतच. दिवे खाली झुकवलेले आणि पिवळसर, दहानंतर बंद. हे स्वतःहून सांगणारा प्लॅनर मिळाला तर बाकीच्या गोष्टीही तो नीट करेल असं मला वाटतं.

वाशिष्ठी

>> तिथी विचारतो

तिथीबरोबर गावाचं पंचांगही. रत्नागिरीकडे फाकपंचमीपासून (फाल्गुन शुद्ध पंचमी) शिमगा सुरू होतो, पालखी घरोघर फिरते. त्या दिवसांत वाजवणारे, वाढपी, ड्रायव्हर कुणी मिळत नाही. पैसे जास्त दिले तरी मिळत नाही, आणि मिळू नये. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौल लावून ठरते, ठरली की मालवण परिसरातल्या खोल्या संपतात. कुणकेश्वरला महाशिवरात्र. डिसेंबरचा शेवटचा आठवडा पर्यटकांचा, दर वेगळेच. आणि २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा यांच्यावर सगळा भार. एकाच दिवशी त्या प्लॅनरकडे किती कार्यं आहेत, हे लिहून घ्या. आणि आपल्या मांडवात उभा राहणारा माणूस कोण, त्याचं नाव करारात हवं. बोलणी करतो एक आणि लग्नाच्या दिवशी येतो दुसराच, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते.

शहरातला की स्थानिक? रंग, छपाई, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलणं शहरवाल्याला जमतं. लाईनमनचा नंबर, बर्फाचा कारखाना, नारळ उतरवणारा, सरपंच स्थानिकाला माहीत. निवड करायचीच तर मी स्थानिक घेईन.

खाडीपलीकडे

इथे थोडा मतभेद. स्थानिक प्लॅनर बरेचदा स्वतःच मंडपवाला किंवा केटरर असतो. मग मांडव लवंडला तर जाब कोण विचारणार? पुण्या-मुंबईचा प्लॅनर आणि त्याचा गावातला पगारी माणूस, ही जोडी मला जास्त पटते. फक्त गावातला तो माणूस तारीख ठरायच्या आधी तुम्हाला भेटवला पाहिजे.

मुचकुंदी

गावाचा मान विसरू नका. ग्रामदैवतापुढे नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं (कार्य पार पडू दे अशी विनवणी करायची), मानकऱ्यांना बोलावणं करायचं. हे पाच-दहा मिनिटांचं काम असतं, पण ते केलं की रस्त्यावर गाडी लावण्यापासून रात्री आवाजाच्या तक्रारीपर्यंत गाव आपल्या बाजूने उभा राहतो. प्लॅनरच्या वेळापत्रकात सीमांतपूजनाच्या आधी त्याला जागा हवी. आणि ते घरच्या वडीलधाऱ्यांनीच करायचं, प्लॅनरच्या पोरांनी नव्हे.

गुरुजी कोण आणणार तेही स्पष्ट करा. गुरुजींची यादी प्लॅनरच्या हातात आठ दिवस आधी द्या. आंब्याचे टाळे (डहाळ्या), केळीचे खुंट गावात मिळतात. समिधा, बाशिंगं, मुंडावळ्या, होमाचं गाईचं तूप ऐनवेळी मिळत नाही. फुलं बहुधा घाटावरून नाहीतर दादरहून येतात. खाऱ्या वाऱ्यात ऑर्किड, गुलाब दुपारपर्यंत मान टाकतात. झेंडू आणि अबोली टिकतात. मार्चमध्ये वेंगुर्ला-सावंतवाडीकडे सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) मिळाले तर नवरीसाठी त्याहून सुंदर काही नाही.

विवाह नोंदणी राहून जाते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) हाच निबंधक असतो. तीन साक्षीदार, वय-पत्त्याचे पुरावे, पत्रिका, अर्जावर गुरुजींची सही. गुरुजी दक्षिणा घेऊन निघायच्या आधी सही घ्या.

रातांबा

कराराचे मुद्दे एकत्र लिहितो, बकुळ यांनी व्यक्तिगत निरोपातही विचारलं होतं.

पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करार करा (ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही). पैसे टप्प्यांनी: ठरवताना २५ टक्के, ६० दिवस आधी २५, आठ दिवस आधी ३५, उरलेले १५ कार्य पार पडून हिशेब मिळाल्यावर. शेवटचे पंधरा टक्के हातात ठेवणं महत्त्वाचं. लग्नाआधी शंभर टक्के मागणाऱ्याला नाही म्हणा.

तारीख बदलली तर काय, हे रद्द केलं तर काय याहून जास्त बारकाईने लिहा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं लग्न असेल तर वळवाचा पाऊस धरूनच चालायचं. छताखालची दुसरी जागा त्याच रिसॉर्टमध्ये किंवा दहा मिनिटांवर, सगळी माणसं बसतील एवढी, आणि तिचं भाडं आधीच ठरलेलं. आत जायचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजता? मुहूर्ताच्या पाच तास आधी, एकाच माणसाने. मांडव हलवायला, खुर्च्या पुसायला, होमाची जागा मांडायला तेवढा वेळ लागतोच. आकाश बघत तीन तास घालवले की दोन्ही जागा अर्ध्या राहतात.

वाद झालाच तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि २०१९च्या कायद्याप्रमाणे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. लग्न मालवणला आणि घर ठाण्याला असलं तरी ठाण्यात. सुटं कोटेशन, थेट पावत्या आणि लेखी करार असेल तरच त्याचा उपयोग.

बकुळ

आभार. एकच शेवटचं: प्लॅनरने पूर्वी केलेल्या लग्नांतल्या कुणाशी बोलायचं झालं तर काय विचारू?

वाशिष्ठी

तीन घरांचे नंबर मागा, त्यातलं एक गेल्या मेमधलं. नवरा-नवरीशी बोलू नका, त्यांना त्या दिवशीचं फारसं काही दिसलेलं नसतं. मामा, काका, ज्याच्या हातात पैशांची पिशवी होती त्याला फोन करा. त्याला विचारा: ठरलेल्यापेक्षा बिल किती वाढलं आणि कोणत्या ओळीत? शेवटच्या पंगतीला काय काय संपलं होतं? वीज गेली तेव्हा किती वेळ अंधार होता? आणि दुसऱ्या दिवशी पुळणीवरचा कचरा कुणी उचलला?

प्लॅनरने दिलेले नंबर झाले की त्या गावातल्या मंडपवाल्याला आणि बर्फवाल्याला विचारा की यांचे पैसे वेळेवर मिळतात का. ज्याची गावात उधारी आहे त्याला मोसमात बर्फ मिळत नाही, माणसंही मिळत नाहीत.